दुसऱ्याच्या खिडकीत पाहताना : दोन जुन्या चित्रपटांचा अभ्यास



मागच्या सत्रात नववी-दहावीच्या मुलांना आम्ही एक गृहपाठ दिला होता : आवडलेल्या चित्रपटाविषयी दहा ओळी लिहा. बहुतेक वह्यांत गोष्ट होती आणि खाली एक वाक्य : "चित्रपट फार छान आहे." का छान आहे, हे मात्र कुणीच लिहिले नव्हते. हा दोष मुलांचा नाही. कविता कशी वाचावी हे आपण वर्गात शिकवतो, चित्रपट कसा पाहावा हे कुणी शिकवत नाही. म्हणून हा छोटासा पाठ.

आमचे स्वतःचे शिक्षण पदवीपर्यंत हिंदी माध्यमातून झाले. कॉलेजात असताना आल्फ्रेड हिचकॉकचा 'रिअर विंडो' पहिल्यांदा पाहिला, तेव्हा इंग्रजी संवाद निम्मेसुद्धा कळले नाहीत. तरी उत्तरार्धात हाताला घाम सुटला होता. भाषा कळत नसताना भीती कशी कळली? या प्रश्नापायी आम्ही तो पुन्हा पाहिला आणि तिथूनच आमचा अभ्यास सुरू झाला.

1) रिअर विंडो (1954)

गोष्ट साधी आहे. न्यूयॉर्कमधला एक छायाचित्रकार, जेफ्रीज, पाय मोडून घरात अडकला आहे. उकाड्याचे दिवस आहेत, सगळ्यांच्या खिडक्या उघड्या आहेत. वेळ घालवण्यासाठी तो समोरच्या बिऱ्हाडांकडे पाहत बसतो. एके दिवशी त्याला संशय येतो, की समोरच्या एका माणसाने आपल्या बायकोचा खून केला आहे.

सुरुवात नीट पाहा. जेफ्रीजने तोंड उघडण्याआधी कॅमेरा त्याच्या घामेजल्या कपाळावरून पायाच्या प्लास्टरवर जातो. मग एक मोडका कॅमेरा दिसतो, मग शर्यतीच्या मोटारीच्या अपघाताचे भिंतीवरचे छायाचित्र. हा माणूस कोण, काय काम करतो, पाय कसा मोडला, हे सारे आपल्याला समजते. कुणी काही सांगितलेले नसते.

आता थरार कसा तयार होतो ते पाहू. हिचकॉक नेहमी एक उदाहरण देत असे. दोन माणसे टेबलाशी गप्पा मारत बसली आहेत आणि अचानक स्फोट होतो. प्रेक्षकाला क्षणभर धक्का बसतो. पण टेबलाखाली बाँब आहे हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असेल, तर त्याच साध्या गप्पा असह्य होतात. धक्का काही सेकंदांचा असतो, उत्कंठा कितीतरी मिनिटे टिकते.

'रिअर विंडो'त हाच नियम आहे. जेफ्रीजची मैत्रीण लिसा पुरावा शोधायला संशयिताच्या घरात शिरते. तो माणूस परत येत असल्याचे आपल्याला दिसते, तिला दिसत नाही. जेफ्रीज खुर्चीला खिळलेला, पोलिसांना फोन करून वाट पाहण्यापलीकडे काही करू शकत नाही. आपणही खुर्चीतच बसलेले असतो. म्हणूनच घाम सुटतो.

आपल्याकडे यश चोप्रांनी दिग्दर्शित केलेल्या 'इत्तेफाक'मध्ये (1969) एकही गाणे नाही आणि गोष्ट बहुतांशी एका रात्रीत, एका घरात घडते. पालकांनी तो तरुणपणी पाहिला असेल, तर आता मुलांबरोबर पुन्हा पाहावा.

2) 2001 : अ स्पेस ओडिसी (1968)

स्टॅनली कुब्रिकने हा विज्ञानपट लेखक आर्थर सी. क्लार्क यांच्यासोबत रचला. पहिली सुमारे 25 मिनिटे यात एकही संवाद नाही. तो एप्रिल 1968 मध्ये आला. माणूस चंद्रावर उतरला जुलै 1969 मध्ये.

चांगल्या विज्ञानपटात कल्पनेलाही शिस्त लागते. अवकाशात हवा नाही, म्हणून यानाबाहेर यंत्रांचा आवाज नाही. कधी फक्त अंतराळवीराचा श्वास ऐकू येतो. यानात वजन जाणवावे म्हणून राहण्याचा भाग चाकासारखा फिरता दाखवला आहे. गोल फिरणाऱ्या भिंतीवर पाय दाबले जातात, हे विज्ञानाच्या तासाला आपण शिकतोच. त्यासाठी सुमारे 38 फूट व्यासाचे खरेखुरे फिरते चाक बांधले होते. 2001 साल उजाडले तरी चंद्रावर वस्ती झाली नाही, पण त्याने चित्रपट खोटा ठरत नाही. 'असे झाले तर?' हा प्रश्न तो प्रामाणिकपणे शेवटपर्यंत नेतो.

यान चालवणारा संगणक हॅल एका यंत्रभागात बिघाड आहे म्हणतो. तपासल्यावर बिघाड सापडत नाही. दोन अंतराळवीर छोट्या कुपीत शिरतात, आवाज बाहेर जात नाही याची खात्री करतात आणि हॅलला बंद करण्याविषयी बोलतात. मग चित्र एकदम निःशब्द होते. काचेपलीकडून फक्त त्यांचे ओठ दिसतात, आधी एकाचे, मग दुसऱ्याचे. हॅल ओठ वाचतो आहे! आणि मध्यंतर होते. पुढचे आम्ही सांगणार नाही.

3) एका मुलीचा प्रश्न

हे दोन प्रसंग आम्ही दहावीच्या वर्गाला दाखवले. तेव्हा एक मुलगी म्हणाली, "सर, जेफ्रीजही चोरून पाहतो आणि हॅलही. मग एक नायक आणि दुसरा खलनायक कसा?"

आम्हाला लगेच उत्तर देता आले नाही. मग 'रिअर विंडो'तला एक प्रसंग आठवला. एका बाईचा कुत्रा मारला जातो. ती रात्री ओरडून विचारते, शेजाऱ्यांना एकमेकांची काही पर्वा आहे की नाही? सगळे खिडकीत येतात. एकाच अंधाऱ्या घरात सिगारेटचा ठिपका लाल होत राहतो. जेफ्रीजला तिथे सुगावा लागतो. पण बाईचा प्रश्न त्यालाही लागू आहे, आणि आपल्यालाही. नुसते पाहणे वेगळे, काळजीपोटी लक्ष ठेवणे वेगळे. हिचकॉक जेफ्रीजला सहज सोडत नाही.

त्या मुलीने मग हळूच विचारले, "आणि आपल्या व्हरांड्यातले कॅमेरे?" गेल्या वर्षी ते आम्हीच बसवले होते. मुलांना न विचारता, न सांगता. दुसऱ्या दिवशी सूचना फलकावर आम्ही लिहून लावले : कॅमेरे कुठे आहेत, चित्रण कोण पाहतो, केव्हा पाहतो, किती दिवस ठेवतो. हे पहिल्याच दिवशी करायला हवे होते.

विश्वस्त मंडळास विनंती, की महिन्यातून एका शनिवारी सभागृहात वरच्या वर्गांसाठी असा चित्रपट आणि त्यानंतर अर्धा तास चर्चा ठेवावी. हिचकॉकचा 'सायको' (1960) लहान मुलांना दाखवू नये. पालकांनी आधी स्वतः पाहून ठरवावे.

घरी करून पाहा

1. कोणत्याही चित्रपटाची पहिली पाच मिनिटे आवाज बंद करून पाहा. काय काय कळले ते लिहा.
2. पात्राला ठाऊक नाही पण आपल्याला ठाऊक आहे, असा एक प्रसंग शोधा.
3. शेवट माहीत असलेला चित्रपट पुन्हा पाहा. दुसऱ्या वेळी काय नवे दिसले?
4. 'छान' हा शब्द न वापरता दहा ओळी लिहा.

वह्यांची आम्ही वाट पाहत आहोत.

— मुख्याध्यापक