‘नेट गेलं होतं’ असं मूल सांगतं तेव्हा

पालकहो, “नेट गेलं होतं” असं मूल म्हणालं की आपल्याला आधी बहाणाच वाटतो. दिवसभराची ड्युटी, वर विरार लोकलमधली रेटारेटी, आणि मिरा रोडला उतरून घरी यावं तर अभ्यास अर्धवट. चिडचिड होणारच. पण शांती नगरात घरोघरी लॅपटॉप दुरुस्तीला जातो म्हणून कळकळीने सांगतो, पुष्कळदा ते पोर खरं बोलत असतं.

आपल्या सेक्टरांतल्या इमारती एकमेकींना खेटून. लॅपटॉपवर वाय-फायची यादी उघडा. शेजारचं, समोरच्या विंगचं, खालच्या दुकानाचं अशी नावं संपता संपत नाहीत. त्यातले बरेच राउटर २.४ गिगाहर्ट्झवर असतात आणि त्या पट्ट्यात एकमेकांच्या आड न येणारे चॅनल जेमतेम तीन: १, ६ आणि ११. संध्याकाळी सगळी घरं एकदम ऑनलाइन आली की तिथे खेचाखेच होते. मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात लुडबुडतो. ५ गिगाहर्ट्झला जागा मोकळी, पण भिंती त्याला सोसत नाहीत. म्हणून हॉलमध्ये झकास चालणारं नेट मुलाच्या खोलीत मान टाकतं. राउटर टीव्हीमागे किंवा लोखंडी कपाटाच्या आडोशाला असेल, तर आधी तो उंचावर, मोकळ्यावर आणा.

मग एक साधी परीक्षा. लॅपटॉपशेजारी मोबाइल ठेवा, त्याच वाय-फायवर, आणि मोबाइलचा डेटा आठवणीने बंद करा. नाहीतर तो गुपचूप सिमवर जाऊन आपल्याला फसवतो. नेट तुटलं की दोन्ही पडदे बघा. दोन्ही अडले तर राउटर किंवा लाइन, केबलवाल्याला बोलवा. मोबाइल चालू आणि लॅपटॉपच अडला, तर दोष लॅपटॉपचा. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंट दिसत असेल, तर वीज वाचवायला यंत्र बंद करण्याची परवानगी देणारी खूण काढा. वाय-फायचा ड्रायव्हर लॅपटॉपच्या कंपनीच्याच साइटवरून घ्या.

हँग होणं हे मात्र वेगळं दुखणं, आणि सगळ्यात जास्त बोलणी मुलं त्यापायीच खातात. ऑफिसातला जुना लॅपटॉप मुलाच्या वाट्याला येतो: ४ जीबी रॅम, जुनी फिरती हार्ड डिस्क. पोरगं क्लिक करतं, काही हलत नाही. पुन्हा क्लिक करतं, पडदा पांढुरका होतो, ऑनलाइन तासातल्या बाईंचा आवाज तुटतो. बघणाऱ्याला वाटतं नेट गेलं, किंवा यानेच गेम टाकून बिघडवलं. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. डिस्कसमोर बराच वेळ १०० टक्के दिसत असेल, तर ओरडून काय होणार? हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवा. गादीवर ठेवलेला लॅपटॉपही तापून मंदावतो, खालची जाळी झाकली जाते.

हे सगळं मुलाला शेजारी बसवून करा. नेट कधी तुटतं त्या वेळा वहीच्या मागच्या पानावर त्यालाच लिहू द्या. दोष यंत्राचा निघाला, तर “तू खरं सांगत होतास” हे त्याच्या तोंडावर म्हणा, तेवढं चुकवू नका. कधी खरोखरच बहाणा निघेल. तोही आरडाओरडा न करता कळेल.

ऑनलाइन परीक्षेच्या दिवशी मात्र वाय-फायवर विसंबू नका. राउटरपासून लॅन केबल जोडा. पातळ लॅपटॉपला बहुधा लॅनचं पोर्ट नसतं, त्याला लागणारं यूएसबी अ‍ॅडॉप्टर आधीच आणून ठेवा.