गोठ्याचे सांडपाणी, झिओलाइट व चिपाडाचा कोळसा

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात ऊस व दुभती जनावरे यांवर असंख्य कुटुंबांचा चरितार्थ चालतो. वस्तीवर जेथे गोठा असतो, तेथे पिण्याच्या पाण्याची विहीरही बहुधा जवळच असते. गोठा धुतलेले पाणी मोकळे सोडल्यास ते जमिनीत मुरते आणि त्यातील नत्र कालांतराने विहिरीस मिळते. असे पाणी दिसावयास निर्मळ असते व चवीतही फरक जाणवत नाही. म्हणून धोका लक्षात येत नाही. हे नत्र वाटेतच अडविण्यास जिल्ह्यातील दोन वस्तू उपयोगी पडण्यासारख्या आहेत. एक काळ्या खडकातील झिओलाइट व दुसरी उसाचे चिपाड. मात्र त्यांचा उपयोग कोठे होतो व कोठे होत नाही, हे प्रथम नीट समजून घेतले पाहिजे.

नत्राचा प्रवास

मूत्रातील नत्र मुख्यतः युरियाच्या रूपात असते. जिवाणूंच्या क्रियेने थोड्याच काळात त्याचे अमोनियम बनते. अमोनियमवर धन विद्युद्‌भार असतो, तर चिकणमातीच्या कणांवर ऋण. त्यामुळे माती त्यास काही काळ धरून ठेवते. पुढे हवेशीर जमिनीत दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट बनवितात. नायट्रेट ऋणभारित असल्याने माती त्यास धरीत नाही व ते पाण्याबरोबर खाली उतरते.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात दर लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट नसावे. अधिक नायट्रेटचे पाणी वरच्या दुधात मिसळून सहा महिन्यांच्या आतील अर्भकास दिल्यास रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते, अंग निळसर पडते व जीवासही धोका पोहोचतो. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते.

खडकातील चाळणी

विहीर खोदताना लागणाऱ्या मांजऱ्या खडकाच्या पोकळ्यांत पांढरे, चकचकीत खडे पुष्कळदा आढळतात. त्यांपैकी स्टिल्बाइट, ह्यूलंडाइट इत्यादी खनिजे झिओलाइट गटातील होत. राहुरी तालुक्यातील मोमीन आखाडा येथील खाणीतून निघालेले स्टिल्बाइट व हिरवे अपॉफिलाइट यांचे स्फटिक जगभरच्या संग्राहकांस परिचित आहेत. यांपैकी अपॉफिलाइट हे झिओलाइट नव्हे, हे लक्षात ठेवावे.

स्वीडनमधील क्रोनश्टेट यांनी १७५६ मध्ये हे खडे तापविले असता त्यांतून वाफ निघाली. त्यावरून ग्रीक भाषेतील ‘उकळणारा दगड’ या अर्थाचे नाव त्यांस मिळाले. सिलिकॉन, ॲल्युमिनियम व ऑक्सिजन यांच्या जाळीने हा स्फटिक बनलेला असतो. त्यातील छिद्रे सुमारे ०·३ ते १ नॅनोमीटर इतकी सूक्ष्म असतात; एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग. जाळी ऋणभारित असल्याने तिच्यात सोडियम, कॅल्शियम यांसारखे धनभारित कण बसलेले असतात. अमोनियमयुक्त पाणी त्यातून गेले की हे कण बाहेर पडतात व अमोनियम आत बसते. याच गुणामुळे २०११ च्या फुकुशिमा अपघातानंतर किरणोत्सारी सीझियम पकडण्यासाठी झिओलाइट वापरण्यात आले. असेच जाळीदार स्फटिक धातू व सेंद्रिय रेणू यांपासून घडविल्याबद्दल कितागावा, रॉबसन व याघी यांस २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

चिपाडाची जोड कशासाठी?

झिओलाइटची बारीक पूड पाण्यात टाकल्यास ती गाळून काढणे कठीण जाते, व थर केल्यास पाण्याची वाट बंद होते. म्हणून प्रयोगशाळांत ती वनस्पतिजन्य तंतूंवर किंवा कोळशावर बसवितात. कमी हवेत जाळलेल्या चिपाडाचा कोळसा सच्छिद्र असतो. त्यातून पाणी सहज वाहते, व पाण्यातील रंग व काही सेंद्रिय द्रव्ये तो स्वतःकडे ओढून घेतो. अशा रीतीने दोहोंचे गुण एकत्र येतात.

मर्यादा

एक किलो झिओलाइट व्यवहारात ५ ग्रॅम अमोनियम-नत्र धरते असे मानू. एका गाईच्या मूत्रातून रोज ५० ग्रॅम नत्र बाहेर पडते असे समजल्यास ते सर्व पकडण्यास रोज १० किलो झिओलाइट लागेल. हा खर्च कोणासही परवडणारा नाही. म्हणून मूत्र प्रथम खतातच जिरविले पाहिजे. गाळणीचे काम शेवटी उरलेल्या पातळ पाण्यापुरतेच समजावे. दुसरे असे की, झिओलाइटची जाळी ऋणभारित असल्याने नायट्रेट तीत अडकत नाही. म्हणून विहीर दूषित झाल्यावर ही गाळणी तेथे बसवून काहीही लाभ होणार नाही.

करावयाची व्यवस्था

१. गोठ्याची जमीन पक्की व उताराची करून मूत्र एका नालीत आणावे.

२. जनावरांखाली पाचट किंवा काडीकचरा अंथरावा. तो ओला झाल्यावर खताच्या खड्ड्यात घालावा. खड्डा व नाली विहिरीपासून शक्य तितकी दूर, उताराच्या बाजूस असावीत.

३. धुण्याच्या पाण्यासाठी गाळणी करावयाची असल्यास तळाशी खडी, तीवर वाळू व वर झिओलाइटचे जाड दाणे आणि कोळसा यांचे मिश्रण घालावे. पूड वापरू नये.

४. गाळलेले पाणी पिण्यास वापरू नये. ते पिकास द्यावे.

५. गाळणीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यातील अमोनियम वाढू लागले की मिश्रण बदलावे. गोठ्याच्या पाण्यावर वापरलेले मिश्रण शेतात पसरावे; त्यातील नत्र पिकास हळूहळू मिळते. कारखान्याच्या वा धातुयुक्त सांडपाण्यावर वापरलेले मिश्रण मात्र शेतात कदापि टाकू नये.

६. विहिरीच्या पाण्याची नायट्रेटसाठी प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी. पावसाळ्यानंतर ती अवश्य करावी. प्रमाण ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक आढळल्यास अर्भकांसाठी दुसऱ्या सुरक्षित पाण्याची सोय ताबडतोब करावी.

सारांश, जे नत्र गोठ्याशी अडविता येते तेच विहिरीत पोहोचल्यावर हाताबाहेर जाते. गोठ्याशी ते पिकाचे अन्न आहे. विहिरीत ते बालकाचे विष होय.