वजन उतरल्यानंतरची वर्षं

माझं १६ किलो वजन एका उन्हाळ्यात उतरलं आणि पुढच्या दोन दिवाळ्यांत परत आलं, वर आणखी तीन किलो घेऊन. असं झालेली बाई मी एकटी नाही. इथे कोल्हापुरात आमच्या बँकेत, अपार्टमेंटमध्ये, माहेरच्या गल्लीत, कुठेही विचारा. कष्टाने उतरवलेलं वजन परत चढलेली माणसं भेटतील. ती बोलत नाहीत, कारण बघणारा गृहीतच धरतो की हिचा जिभेवर ताबा नाही. या समजापायी माणसं स्वतःला दोष देत पुन्हा तसल्याच एखाद्या कडक डाएटकडे वळतात. ते थांबावं म्हणून हे लिहिते आहे.

वजन घटवण्याच्या एका केंद्रात मी नाव घातलं होतं. सकाळ-रात्री पावडरचं पेय, दुपारी काकडी-टोमॅटो आणि वाटीभर पातळ मूगडाळ. दिवसाकाठी जेमतेम ८०० कॅलरी. काटा दर आठवड्याला खाली यायचा आणि भेटेल तो कौतुक करायचा. तिसऱ्या महिन्यात कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले. जिना चढताना मांड्या थरथरायच्या. मग एका रात्री उजव्या बरगडीखाली अशी कळ आली की सरळ बसता येईना. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले. “अलीकडे वजन फार भराभर उतरलंय का हो?” हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता. चरबी वेगाने वितळायला लागली की यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडतं, आणि जेवणात स्निग्ध पदार्थच नसले की पित्ताशय नीट आकुंचन पावत नाही. साचलेल्या पित्तात खडे धरतात. केंद्रात हे कुणी सांगितलं नव्हतं.

पॅकेज संपल्यावर घरचं जेवण सुरू झालं. पूर्वीपेक्षा कमीच खात होते, तरी वजन चढत गेलं. यामागचं कारण मला पुढे वाचनातून कळलं. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. दहा आठवड्यांच्या कडक आहाराने वजन उतरवलेल्या लोकांचं रक्त त्यांनी वर्षभरानंतर पुन्हा तपासलं, तर भूक वाढवणारं घ्रेलिन अजून चढलेलं आणि पोट भरल्याची जाणीव देणारं लेप्टिन अजून उतरलेलंच होतं. अमेरिकेत टीव्हीवर वजन उतरवण्याची स्पर्धा व्हायची. तिथल्या १४ स्पर्धकांना सहा वर्षांनी तपासलं, त्याचा अहवाल २०१६ मध्ये आला. सरासरी ५८ किलो उतरवलेल्या या माणसांचं ४१ किलो परत आलं होतं आणि त्यांचं शरीर नुसतं बसून असताना अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. म्हणजे भूक जास्त आणि खर्च कमी, तोही वर्षानुवर्षं. याला निर्धार कमी पडला असं म्हणणं अन्यायाचं आहे.

त्याहून वाईट गोष्ट काट्यावर दिसत नाही. उपासमारीत चरबीबरोबर स्नायूही जातात; वजन परत येतं तेव्हा मुख्यतः चरबीच येते. आपल्याकडे हे जास्त जपायला हवं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. किलो सारखे असूनही आतला माल वेगळा. म्हणून आता मी काट्याइतकाच शिंप्याच्या टेपवर भर देते. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आणि पुरुषाची ९० च्या आत असावी, ही भारतीयांसाठीची मर्यादा.

मग काय करायचं? कुठलाही बदल स्वीकारण्याआधी मी एक कसोटी लावते: घरात कुणी आजारी असताना, मार्चअखेरीला रात्री नऊला घरी पोचताना हे जमेल का? जमणार नसेल तर तो बदल माझा नाही, मग तो कितीही नामांकित माणसाने सांगितलेला असो. दोन वेळाच जेवावं की दर दोन तासांनी खावं यावर घराघरांत वाद होतात. ज्याला जे पाच वर्षं पेलेल ते त्याने करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

माझ्या घरी सगळ्यात मोठा फरक तेलाने पडला. चौघांच्या घरात पाच लिटरचा डबा महिनाभर पुरत नव्हता. मोठा चमचाभर तेल म्हणजे साधारण १२० कॅलरी, आणि फोडणी आम्ही बुधलीने ओतायचो. आता दर माणशी अर्धा लिटर या हिशेबाने महिन्याचं तेल बाजूला काढते. संपलं की संपलं. आमटीवर तवंग दिसत नाही म्हणून सुरुवातीला कुरकुर झाली, पण कांदा-लसूण चटणीची चव तेलावाचूनही लागते. सगळं घर हेच जेवतं, हे महत्त्वाचं. एकटीसाठी वेगळं शिजवणारी बाई दोन महिन्यांत थकते.

यापेक्षा अवघड होतं ते उरलेलं संपवणं. पातेल्यात राहिलेला भात, नातवाच्या ताटलीतली अर्धी पोळी, उद्या कोण खाणार म्हणून ढोकळ्याचे दोन तुकडे. अन्न टाकू नये हे संस्कार मला पटतात आणि ते मी सोडले नाहीत. पण त्यांचं ओझं घरातल्या एकाच बाईच्या पोटावर का? आता भात मोजून लावते, उरलं तर डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवते, आणि सकाळी फोडणीचा भात सगळ्यांना वाटते. बायांनो, हे एवढं जरी केलंत तरी फरक दिसेल.

ताटात आधी उसळ, भाजी, कोशिंबीर वाढून घेते. भाकरी आणि भात नंतर. दोन्ही जेवणांत मटकी, अंडं, दही, मासे यांपैकी काहीतरी असतंच. साठ किलोच्या माणसाला दिवसाला ५० ग्रॅम तरी प्रथिनं लागतात आणि एका अंड्यातून मिळतात सहा ग्रॅम. नुसत्या वरणाच्या पाण्याने ते भागत नाही. तांबडा-पांढरा मी सोडलेला नाही. हळदीकुंकवाला, लग्नाला आग्रह होतो तेव्हा आवडीचा एक पदार्थ मनापासून खाते आणि बाकीच्याला हात जोडते. सण दोन दिवसांचा असतो. फराळाचे डबे मात्र पंधरा दिवस उघडे राहतात. वजन वाढतं ते तिथे.

सकाळी रंकाळ्यावर चालते, आणि आठवड्यातून दोनदा घरीच वजनं उचलते, खुर्चीवरून उठबशा काढते. अमेरिकेत १९९४ पासून, वजन उतरवून टिकवलेल्या लोकांची एक नोंदवही ठेवली जाते. त्यातल्या बहुतेकांमध्ये दोन गोष्टी सारख्या आढळतात: रोज सुमारे तासभर व्यायाम आणि आठवड्यातून निदान एकदा वजन करणं. मी रविवारी सकाळी करते. दोन किलो वाढलेले दिसले तर उपास धरत नाही; त्या आठवड्यात तेल, रात्रीचं जेवण आणि झोप कुठे बिघडली ते पाहते.

या वेळी वजन हळू उतरलं, आणि पहिल्याइतकं उतरलं नाही. तरी मला समाधान आहे. २००२ सालच्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात, मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना शरीराच्या सात टक्के वजन घटवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम करायचा एवढंच लक्ष्य दिलं होतं. तेवढ्या बदलाने त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. सत्तर किलोच्या माणसाला सात टक्के म्हणजे पाच किलो. आता वजन उतरवणारी इंजेक्शनंही आली आहेत. काहींना त्यांची खरोखर गरज असते, पण त्यांपैकी सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आल्याचं अभ्यासात दिसलंय. तेव्हा ती सुरू करण्याआधी, पुढे किती वर्षं घ्यावी लागतील हे डॉक्टरांशी बोलून घ्या.

आणि एखाद्या केंद्रात पैसे भरणार असाल, तर आधी थायरॉइड आणि साखर तपासायला सांगतात का ते बघा. भिंतीवर ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो असतील. त्यातल्या, दोन वर्षांपूर्वी वजन उतरवलेल्या एका तरी माणसाची आज भेट घालून द्या, असं म्हणा. टाळाटाळ झाली तर पर्स उघडू नका.