सर्पगंधेची मुळी आणि डोपामीन

सर्पगंधेचे नाव तुम्ही ऐकले असेल. 1931 साली कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी ही मुळी उन्माद आणि रक्तदाबावर गुणकारी असल्याचे लिहिले. 1949 मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांचा रक्तदाबावरील लेख ब्रिटनमध्ये छापून आला आणि जगाचे लक्ष तिकडे गेले. 1952 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये मुळीतून रेसरपीन वेगळे केले गेले.

ते काय करते? आपल्या धर्माबादच्या बाजारात मिरची पोत्यांत भरली नाही, तर उघड्यावर नासते. मेंदूतील चेतापेशीही डोपामीन हे रसायन सूक्ष्म पिशव्यांत भरून ठेवतात. रेसरपीन ही भरणीच बंद पाडते. बाहेर उरलेले डोपामीन नष्ट होते, साठा रिता होतो. भास व खळबळ ओसरते. पण हालचालींवर ताबा ठेवायलाही तेच डोपामीन लागते! म्हणून काहींचे हात कंपवात झाल्यासारखे कापतात, अंग ताठरते. रक्तदाब फार उतरू शकतो, मन खिन्न होऊ शकते.

आज मनोविकारासाठी रेसरपीन सहसा देत नाहीत. नवी औषधे साठ्याला हात न लावता डोपामीन स्वीकारणाऱ्या जागा अडवतात. कंप त्यांनीही येतो. घरात कोणाला आला, तर डॉक्टरांकडून मात्रा बदलून घ्यावी; गोळी परस्पर बंद केल्यास आजार पुन्हा उलटतो, आणि तो बऱ्याचदा काही आठवड्यांनी उलटतो, त्यामुळे कारण कोणाच्या लक्षातच येत नाही.