साक्षीदार काचेवर बसवताना

पोरी, नव्या गाडीसाठी डॅशकॅम मागवलास आणि तो स्वतःच्या हातानं बसवणार म्हणतेस, हे ऐकून मी माळ्यावरचा टेस्ट लॅम्प खाली काढला. कामशेतला जुन्या हायवेच्या कडेला पस्तीस वर्षं गाड्यांचं वायरिंग केलं. तेव्हा हॉर्न, वायपर, डायनॅमो आणि रात्री-अपरात्री खंडाळ्याच्या घाटात बंद पडलेले ट्रक, एवढंच आमचं जग होतं. कॅमेरे नव्हते. पण बारा व्होल्ट तेव्हाही बाराच होते, म्हणून चार गोष्टी सांगतो.

कॅमेरा म्हणजे साक्षीदार. त्याला नीट दिसलं पाहिजे, वेळ बरोबर सांगता आली पाहिजे आणि ऐन वेळी डुलकी लागता कामा नये. बसवताना जिथं अडशील तिथं या तीन अटी आठव, उत्तर सापडेल.

काच कोरडी तर टेप खरी

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. आषाढ-श्रावणात आपल्या घराच्या भिंती घाम गाळतात, तिथं काचेचं काय सांगू! दमट काचेवर टेप चिकटल्यासारखी दिसते आणि आठ दिवसांनी कार्ला फाट्याच्या पुढं एखाद्या खड्ड्यात कॅमेरा मांडीवर येतो. उघडीप बघून कामाला बस. आधी गाडी चालू ठेवून थोडा वेळ एसीचा वारा काचेवर घे. मग कापसावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन काच आतून पूस. काच चकचकीत करणारा फवारा वापरू नकोस, त्याचा थर राहतो आणि टेप त्या थराला चिकटते, काचेला नाही. थंडीतही पहाटे हा उद्योग नको. पवनेकाठी डिसेंबरात पारा दहाच्या आसपास उतरतो, त्या गारव्यात टेपचा गोंद धरत नाही. ऊन वर येऊ दे.

टेप लावलीस की अर्धा मिनिट अंगठ्यानं दाबून धर. त्या दिवशी नुसतं स्टँड राहू दे, कॅमेरा दुसऱ्या दिवशी अडकव. चांगल्या टेपला पूर्ण पकड यायला तीन दिवस लागतात. घाई करणाऱ्याला मी नेहमी म्हणायचो, भात लावल्यावर दुसऱ्या दिवशी उपटून मूळ धरलंय का बघतोस का?

तुला दिसू नये, त्याला सगळं दिसावं

जागा आतल्या आरशाच्या मागे, डाव्या अंगाला. ड्रायव्हरच्या सीटवर बसलीस की कॅमेरा आरशाआड गेला पाहिजे. टेप लावण्यापूर्वी काचेवर पाणी मारून वायपर एकदा फिरव. वायपर पुसतो त्या पट्ट्यातच लेन्स यायला हवी, नाहीतर पावसात तुझा साक्षीदार चार महिने ओल्या पडद्याआडून बघणार. काचेच्या वरच्या कडेला काळे ठिपके असतात, त्यांच्यावर टेप नीट बसत नाही, थोडी खाली ये. फास्टॅगच्या वर किंवा अगदी चिकटून लावू नकोस. गाडीला आरशाजवळ कंपनीचा स्वतःचा कॅमेरा किंवा पावसाचा सेन्सर असेल तर त्याच्या नजरेत येऊ नकोस.

कोन लावताना क्षितिज चित्राच्या मधोमध ठेव आणि बॉनेट जेमतेम दिसू दे. आभाळ जास्त आलं की कॅमेरा उजेडाला भुलतो आणि रस्ता काळा काढतो.

तार पडद्याच्या वाटेत नको

वायर वरच्या कडेनं छताच्या अस्तरात सरकवायची. त्यासाठी जुनं एटीएम कार्ड पुरतं. स्क्रू-ड्रायव्हर अस्तरात घालणाऱ्याला मी दुकानातून हाकललं असतं. फ्यूज बॉक्स बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगखाली उजव्या गुडघ्याजवळ असतो. तुझ्या गाडीत कुठं आहे ते पुस्तिकेत बघ आणि त्याच बाजूच्या खांबाकडं वायर ने.

इथं थांब. काच आणि दरवाजा यांच्यामधल्या खांबावर किंवा छताच्या कडेला ‘एअरबॅग’ असं कोरलेलं दिसलं, तर आत पडद्यासारखी एअरबॅग घडी घालून ठेवलेली आहे. अपघातात ती डोळ्याची पापणी लवायच्या आत उघडते. तिच्या समोरून वायर गेली असेल तर वायर तिला अडवील, किंवा ती वायरला आणि क्लिपला तोंडावर फेकील. म्हणून खांबाचं प्लास्टिक उचकटू नकोस. दरवाज्याचं रबरी बीडिंग बोटानं थोडं सोडव, वायर त्याच्या कडेत दाबत खाली ने आणि बीडिंग पुन्हा बसव. वाटेत पिवळा प्लग किंवा पिवळ्या नळीतली वायर दिसली तर हात मागे घे. तो रंग एअरबॅगचा.

कॅमेऱ्यापाशी बोटभर वायर ढिली ठेव. ताणलेली वायर पिनेतून सुटते, आणि सुटते ती नेमकी घाटात.

फ्यूजची गोष्ट

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये प्लग. भीती वाटत असेल तर तोच धर, लाज नाही. पण घाटातल्या वळणांनी प्लग ढिला होतो, नाहीतर शेजारी बसलेली मैत्रीण मोबाईल चार्ज करायला तो काढते. साक्षीदार झोपला आणि कुणाला कळलंही नाही.

म्हणून तीन वायरींचं किट बरं. बहुतेक किटमध्ये पिवळी वायर कायम करंट असलेल्या फ्यूजला, लाल किल्ली फिरवल्यावरच जिवंत होणाऱ्या फ्यूजला आणि काळी अर्थला. तरी कागदावरची खूण वाच, सगळेच कारखानदार रंग पाळत नाहीत. अर्थ रंगवलेल्या पत्र्यावर घेऊ नकोस, बॉडीत घट्ट बसलेला उघड्या धातूचा बोल्ट शोध. वायरिंगच्या निम्म्या तक्रारी मी नुसता अर्थ घासून मिटवल्या आहेत.

कुठल्या फ्यूजला कधी करंट येतो ते मोजून बघ. माझा टेस्ट लॅम्प तुला देणार होतो, पण ठेवून घेतो. त्यातला बल्ब करंट खातो, आणि आजच्या गाडीत ठिकठिकाणी संगणक बसलेत. तू मल्टिमीटर घे. लायटर सॉकेट किंवा रेडिओसारख्या साध्या कामाचा फ्यूज निवड. एअरबॅग, ब्रेकची एबीएस, इंजिनाचा संगणक, यांच्या फ्यूजला हात लावायचा नाही.

गाडीची मूळ वायर सोलून जॉइंट मारू नकोस. फ्यूज टॅप नावाची छोटी वस्तू मिळते. मूळ फ्यूज काढून त्याच्या जागी ती बसवायची. तिच्यात दोन खाचा असतात, एकीत गाडीचा जुना फ्यूज, दुसरीत कॅमेऱ्याचा. आपल्या गाडीचा फ्यूज मोठा, मिनी की मायक्रो, ते बघून त्या मापाचाच टॅप आण. टॅपचा करंट घेणारा पाय फ्यूज बॉक्सच्या जिवंत बाजूला आला पाहिजे. उलटा बसला तरी कॅमेरा चालेल, पण त्याचा भार जुन्या फ्यूजवरही पडेल. मोजणं उरकलं की टॅप बसवताना मात्र किल्ली बंद आणि बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडलेलं. बहुतेक गाड्यांत दहाचा पाना पुरतो.

आता आकडा. कॅमेरा बारा व्होल्टवर एक अँपियरसुद्धा घेत नाही. त्याच्या खाचेत दोन किंवा तीन अँपियरचा फ्यूज घाल, दोनचा करडा असतो, तीनचा जांभळा. घरात दहाचा लाल पडलाय म्हणून तो घालू नकोस. जुन्या पद्मिनी गाडीचे फ्यूज चिनी मातीचे असत, त्यावरून पातळ पट्टी गेलेली. फ्यूज उडाला की ड्रायव्हर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून तोच परत बसवायचे. गाडी चालायची. मग एके दिवशी फ्यूजच्या जागी वायर जळायची आणि डॅशबोर्डातून धूर निघालेला टेम्पो ढकलत माझ्या दुकानी यायचा. फ्यूज हा साखळीतला मुद्दाम कच्चा ठेवलेला दुवा आहे. तो पक्का केलास तर दुसरा कुठलातरी तुटतो, आणि तो महाग असतो.

रात्रीचा पहारा बेतानं

गाडी उभी असताना कॅमेरा चालू ठेवायची सोय असते, तिला पार्किंग मोड म्हणतात. हिशेब घरी बसून कर. तुझ्या छोट्या गाडीची बॅटरी पस्तीस अँपियर-अवरची धर. कॅमेरा पाव अँपियर घेतो म्हटलं तर दिवस-रात्रीचे सहा अँपियर-अवर झाले. शनिवार-रविवार गाडी हलली नाही तर बारा गेले, आणि गाडीचं स्वतःचं घड्याळ-अलार्म वेगळं. सोमवारी हिंजवडीला निघताना सेल्फ नुसता टक टक करू शकतो. भरलेली बॅटरी विसाव्यात १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. किटमध्ये कितीला तोडायचं ते ठरवता येत असेल तर १२.२ वर ठेव, ११.८ वर नको. घरच्या अंगणात पार्किंग मोड बंदच कर. भुशी धरणाच्या गर्दीत किंवा लायन्स पॉइंटला गाडी सोडून जाशील तेव्हा चालू कर.

ऊन, कार्ड आणि उंदीर

मे महिन्यात बंद गाडीतली काच तव्यासारखी तापते. आत लिथियमची बॅटरी असलेला कॅमेरा त्या उन्हात फुगू शकतो. बॅटरीऐवजी कपॅसिटरवाला मागवला असशील तर उत्तम.

मेमरी कार्ड मोबाईलमधलं जुनं घालू नकोस. कॅमेरा तेच कार्ड दिवसभर लिहितो आणि पुसतो, साधं कार्ड काही महिन्यांत झिजतं. ‘हाय एंड्युरन्स’ लिहिलेलं घे. फुल एचडीला ६४ जीबीमध्ये साधारण आठ-दहा तास मावतात, मग सगळ्यात जुनं पुसून नवं येतं. महिन्यातून एकदा कॅमेऱ्यातच कार्ड फॉरमॅट कर. कार्ड खराब झालं तरी काही कॅमेऱ्यांचा दिवा लुकलुकत राहतो, म्हणून दिव्यावर विसंबू नकोस, अधूनमधून क्लिप उघडून बघ.

आणि नाणे मावळात किंवा पवन मावळात शेताच्या कडेला गाडी लावत असशील तर उंदीर विसरू नकोस. पावसात बिळात पाणी शिरलं की ते बॉनेटखाली कोरडी जागा शोधतात आणि वायर कुरतडतात. आपली नवी वायर उघडी लोंबू देऊ नकोस, कापडी टेप गुंडाळ आणि केबल टायनं बांध. कॅमेरा अचानक बंद पडला तर सेटिंग शोधण्याआधी वायर हातानं चाचप.

पहिली फेरी

घड्याळ लाव. जीपीएसचा कॅमेरा वेळ आभाळातून घेतो, पण साडेपाच तासांचा फरक आपल्याला भरावा लागतो. तो राहिला तर दुपारी घडलेलं कार्डावर सकाळी घडलेलं दिसेल आणि समोरचा वकील हसेल.

मग फेरी मार. तळेगावहून एक्स्प्रेसवेनं लोणावळा, कामशेतच्या बोगद्यातून. परत येताना जुन्या हायवेनं कार्ला, कामशेत, वडगाव. घरी येऊन तीन जागा बघ. बोगद्यातून उजेडात येताना चित्र किती वेळ पांढरं फटक होतं? संध्याकाळी समोरून दिवे आले की पुढच्या गाडीचा नंबर वाचता येतो का? डॅशबोर्डाचं प्रतिबिंब काचेत दिसतं का? दिसत असेल तर डॅशबोर्डावरची पांढरी वस्तू आधी उचल, मग लेन्सवरचा पोलराइज्ड फिल्टर घ्यायचा विचार कर. खंडाळ्याच्या धुक्यात मात्र कुठलाच कॅमेरा तुझ्यापेक्षा जास्त बघत नाही. तिथं वेग कमी, लो बीम आणि मधलं अंतर, एवढंच खरं.

प्रसंग आलाच तर

आधी माणूस, मग कार्ड. मोटार वाहन कायद्याच्या १३४व्या कलमानं जखमीला उपचार मिळवून देणं ड्रायव्हरचं कर्तव्य आहे, आणि पोलिसांना लवकरात लवकर, फार तर चोवीस तासांत कळवावं लागतं. ११२ ला फोन कर. सगळे सुरक्षित झाले की कॅमेऱ्यावरचं लॉकचं बटण दाब, कॅमेरा बंद कर आणि कार्ड काढून ठेव. चालू राहिला तर नवं चित्र जुन्यावर बसतं.

क्लिप कापू नकोस, व्हॉट्सॲपवरून पाठवून पुरावा दिला असं समजू नकोस, तिथं फाईल दाबली जाते. जालन्याच्या निवडणुकीवरून अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. २०२० च्या त्या निकालात न्यायालयानं सांगितलं, की इलेक्ट्रॉनिक पुराव्याची नक्कल द्यायची तर प्रमाणपत्र लागतंच, मूळ साधन हजर करून मालकानं साक्ष दिली तर गोष्ट वेगळी. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्यात हा विषय ६३व्या कलमात आहे आणि प्रमाणपत्रात फाईलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला आकडा, नोंदवायचा असतो. फाईलमधलं एक अक्षर हललं तरी तो आकडा बदलतो. म्हणून मूळ कार्ड पाकिटात बंद, त्यावर तारीख, आणि पोलिसांना देताना लेखी पोच.

शेवटचं. हा साक्षीदार फितूर होत नाही, तुझ्या बाजूनंही होत नाही. तुझा वेग, तुझी लेन, माईक चालू असेल तर गाडीतलं बोलणंही तो टिपतो. सोबत कुणी असलं तर त्यांना तसं सांग.

गेल्या वर्षी तुझ्या काकाच्या गाडीत मी असाच कॅमेरा बसवला आणि वडगावपर्यंत चालवून आलो. वाटेत एक टेम्पो आडवा आला. मी हॉर्न दाबला, एक शिवी हासडली, आणि घरी येऊन सगळ्यांना बोलावलं, की बघा, लोक कशा गाड्या चालवतात. क्लिप लावली. शिवी तुझ्या काकूनं ऐकली, नातवानं ऐकली. आणि टेम्पोचा इंडिकेटर माझ्या हॉर्नच्या आधी चांगले चार सेकंद चालू होता. कॅमेरा मीच बसवला होता, त्यामुळं वायरिंगवाल्याला दोष द्यायचीही सोय उरली नाही.