वाहनकर्ज : आरंभिक रक्कम, हप्ते आणि थकबाकी

वाहनकर्ज हे तारणावर आधारलेले कर्ज असले, तरी त्याचे तारण दरवर्षी झिजत जाते. घराची किंमत काळाबरोबर बहुधा वाढते. मोटारीची किंमत मात्र खरेदीच्या दिवसापासूनच घटू लागते. कर्जाची शिल्लक यापेक्षा मंद गतीने कमी झाली, तर वाहन गमावूनही कर्जदार ऋणमुक्त होत नाही. म्हणूनच थकबाकीचा धोका पहिला हप्ता चुकण्यापूर्वी, कर्जाच्या अटी ठरतानाच निश्चित होत असतो.

कायदेशीर स्वरूप

वाहनकर्जात वाहनाचा ताबा कर्जदाराकडे राहतो व त्यावर धनकोचा बोजा असतो. या व्यवस्थेस नजरगहाण असे म्हणतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५१ नुसार या कराराची नोंद वाहनाच्या नोंदणी प्रमाणपत्रावर केली जाते. ही नोंद असेपर्यंत धनकोच्या लेखी संमतीशिवाय मालकी हस्तांतरणाची नोंद होत नाही. कर्ज फिटल्यानंतर नमुना ३५ परिवहन कार्यालयात सादर करून बोजा कमी करून घ्यावा लागतो.

आरंभिक रक्कम व मुदत

वाहनाच्या किमतीपैकी खरेदीदाराने स्वतः भरावयाचा भाग म्हणजे आरंभिक रक्कम होय. उदाहरणार्थ, ८ लाख रुपयांच्या मोटारीसाठी २ लाख रुपये स्वतः भरून ६ लाख रुपयांचे कर्ज घटत्या शिलकीवर वार्षिक ९ टक्के दराने घेतले, असे समजू. ६० महिन्यांच्या मुदतीत मासिक हप्ता सुमारे १२,४५५ रुपये, तर एकूण व्याज सुमारे १.४७ लाख रुपये होते. पहिल्या हप्त्यात ४,५०० रुपये व्याजाचे असतात व उरलेली रक्कम मुद्दलात जमा होते.

हीच मुदत ८४ महिने केल्यास हप्ता सुमारे ९,६५३ रुपयांवर येतो. परंतु एकूण व्याज सुमारे २.११ लाख रुपये होते. दोन वर्षांनंतरची शिल्लक पाहिल्यास फरक अधिक स्पष्ट होतो. पहिल्या पर्यायात ती सुमारे ३.९२ लाख रुपये, तर दुसऱ्यात ४.६५ लाख रुपये असते. कमी हप्त्याचा दिलासा अशा रीतीने वाढीव जोखमीच्या रूपाने फेडावा लागतो.

हप्त्याबरोबरच इतर आकारही लक्षात घेणे आवश्यक असते. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांसाठी ‘मुख्य तथ्य विवरण’ देणे बंधनकारक झाले. व्याज व आकार यांचा एकत्रित वार्षिक दर त्यात नमूद असतो.

थकबाकीचे टप्पे

देय तारखेस पूर्ण रक्कम न मिळाल्यास खाते त्याच दिवशी थकीत ठरते. ३१ मार्चचा हप्ता थकला व थकबाकी कायम राहिली, तर खाते त्याच दिवशी विशेष उल्लेखित खात्यांच्या पहिल्या वर्गात जाते, ३० एप्रिलला दुसऱ्या व ३० मे रोजी तिसऱ्या वर्गात जाते. २९ जून रोजी ते अनुत्पादक मालमत्ता ठरते. बँकांसाठी नव्वद दिवसांचा हा निकष मार्च २००४ पासून लागू आहे.

येथे एक बाब विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावी. अनुत्पादक ठरलेल्या खात्यात एक-दोन हप्ते भरल्याने त्याचा दर्जा पूर्ववत होत नाही. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केल्यानुसार, त्यासाठी व्याज व मुद्दल यांची संपूर्ण थकबाकी भरावी लागते. म्हणजेच नव्वदाव्या दिवसापूर्वी भरलेला रुपया त्यानंतरच्या रुपयापेक्षा अधिक परिणामकारक असतो.

दंड, जप्ती व संरक्षण

ऑगस्ट २०२३ मधील निर्देशांनी दंडव्याजाची पद्धत बंद केली. धनकोस दंडात्मक आकार लावता येतो. मात्र त्या आकाराचे भांडवलीकरण करून त्यावर पुन्हा व्याज आकारता येत नाही.

वसुलीसाठी बळाचा वापर करण्याच्या प्रवृत्तीवर सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ताशेरे ओढले. त्यानंतर २००८ मध्ये रिझर्व्ह बँकेने वसुली एजंटांविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. ऑगस्ट २०२२ च्या सूचनांनुसार, थकीत कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी ८ पूर्वी व सायंकाळी ७ नंतर दूरध्वनी करण्यास मनाई करण्यात आली. बिगर-बँकिंग वित्त कंपन्यांच्या करारात ताबा घेण्यापूर्वीची सूचना, विक्रीपूर्वीची अखेरची संधी व वाहन परत देण्याची पद्धत यांचा उल्लेख असणे अपेक्षित आहे. तक्रारीस धनकोने तीस दिवसांत उत्तर न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते.

तथापि, ही सर्व संरक्षणे वसुलीच्या पद्धतीवर नियंत्रण ठेवतात. ऋण माफ करीत नाहीत. वरील उदाहरणात ८४ महिन्यांच्या कर्जाचे वाहन दोन वर्षांनी जप्त होऊन लिलावात ४ लाख रुपयांना विकले गेले, तर थकीत व्याज व खर्च सोडूनही सुमारे ६५ हजार रुपयांचे देणे कर्जदारावर शिल्लक राहते. हप्ते झेपत नसल्यास धनकोच्या संमतीने वाहन स्वतः विकणे बहुधा कमी नुकसानीचे ठरते.

थोडक्यात, पुरेशी आरंभिक रक्कम व मर्यादित मुदत यांमुळे कर्जाची शिल्लक वाहनाच्या मूल्यापेक्षा कमी राखता येते. उत्पन्न खंडित झाले, तरी वाहन विकून कर्जातून मुक्त होण्याचा मार्ग अशा कर्जदारास उपलब्ध राहतो. केवळ हप्त्याचा आकडा पाहून कर्ज घेणाऱ्यास ही मुभा बहुधा मिळत नाही.