खोक्यावर जाऊ नको, बाबू

सेकंडहँड डिझायर घेतली, बरं केलं. पण वलगावातून अमरावतीला पार्ट घ्यायला निघशील तेव्हा आधी माल ओळखायला शिक. कंपनीचा माल वेगळा. बॉश, एसकेएफसारखे स्वतःच्या नावाने माल विकणारे वेगळे, तेही चांगलेच. मग येतो लोकल. लोकल घेण्यात काही पाप नाही. किंमत कमी, भरवसा कमी, आणि हे तुला आधीच माहीत असतं. डुप्लिकेट मात्र दुसऱ्याचं नाव लावून बसतो. पैसे ओरिजिनलचे अन् माल लोकलहूनही हलका.

लोक खोका पाहतात. खोका तर कोणीही छापतो लेका, होलोग्रामही छापतो. अन् कधी कधी खोका खराच असतो, आतला माल खोटा. तो खरा खोका येतो कुठून? तुझ्या-माझ्या घरून, कबाडीवाल्याच्या हातगाडीवरून. म्हणून पार्ट बसला की खोका फाडायचा. ऑईलचा रिकामा डबा भोक पाडल्याशिवाय भंगारात द्यायचा नाही, नाहीतर त्यात जळकं ऑईल गाळून भरणारे बसलेच आहेत. जुना स्पार्क प्लग घासूनपुसून परत विकतात, तो वाकवून टाक. मेकॅनिककडून जुना पार्ट मागून घ्यायचा, लाजायचं नाही. तुझ्या पैशाचा आहे.

दुकानात जाताना आरसीचा फोटो मोबाईलमध्ये ठेव. ‘डिझायरचा फिल्टर द्या’ एवढ्यावर भागत नाही. मॉडेल अन् वर्ष बदललं की पार्ट नंबर बदलतो. चेसिस नंबरावरून नंबर काढायला लाव अन् तोच नंबर बिलावर लिहून घे. ‘बिल पाहिजे असेल तर भाव वेगळा’ असं कोणी म्हटलं तर सरळ पुढच्या दुकानात जा. पूर्वी बहुतेक पार्टांवर 28 टक्के जीएसटी होता, तेव्हा माणसाचा जीव बिनबिलाकडे ओढायचा, समजू शकतो. 22 सप्टेंबर 2025 पासून तो 18 वर आला. खरी गोष्ट अशी की डुप्लिकेट विकणारा स्वतःच्या सहीने पार्ट नंबर लिहून द्यायला कचरतो. तक्रार करायची वेळ आली तर 1915 ला फोन लागतो, पण तिथेही पहिला प्रश्न बिलाचाच.

पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष अन् एमआरपी पाहिजेच, कायदाच आहे तो. किमतीवर स्टिकर दिसलं म्हणून लगेच भांडू नको. कर उतरल्यावर जुन्या मालाला कमी भावाचं स्टिकर लावायची मुभा दिली होती. खालची जुनी किंमत मात्र वाचता आली पाहिजे.

ऑईल फिल्टर घेतला की तोंडातून आत पाहा. कडेच्या भोकांच्या आड रबरी चकती असते, गाडी बंद झाल्यावर ऑईल खाली उतरू नये म्हणून. हलक्या फिल्टरमध्ये ती नसते, नाहीतर नावाला असते. मग सकाळच्या पहिल्या स्टार्टला इंजिन कोरडंच खडखडतं. आपल्याकडच्या मे महिन्यात रेडिएटरचा पाइप अन् बेल्टही हलका चालत नाही.

काच पुसायचे वायपर, मडगार्ड, पायदान लोकल घे, काही बिघडत नाही. ब्रेकमध्ये मात्र एक रुपया वाचवू नको. परतवाड्याहून चिखलदरा चढताना काही कळत नाही. कळतं ते उतरताना. हजार मीटरहून उंचावरून खाली येताना पॅड तापतात, अन् हलका पॅड तापला की पाय दाबूनही गाडी धरत नाही. चांगले पॅड असले तरी घाटात खालचा गिअर सोडायचा नाही, हे वेगळं सांगतो. एअरबॅग तर भंगारातली कोणी फुकट दिली तरी घेऊ नको.

मेकॅनिकशी घासाघीस करू नको. मजुरीत त्याचे पन्नास रुपये कापलेस तर तो ते पार्टात काढेल, अन् कोणत्या पार्टात ते तुला कळणारही नाही. पूर्ण मजुरी दे, पार्ट स्वतः आण, अन् बसवताना शेजारी उभा राहा. येत्या सर्व्हिसिंगला पुढचे पॅड काढले की पिशवीत घालून माझ्याकडे घेऊन ये, कसे झिजलेत ते पाहू.